दर पाठवला तरी बिल शून्य : एकाच नावाची दोन व्हेरिएबल आणि स्कोपचा घोळ

लक्षण ठरलेलं असतं. जावात ऑब्जेक्ट तयार करताना लिटर दिले, दर दिला, कंपायलरनं चकार शब्द काढला नाही, प्रोग्राम चाललाही; आणि बिलात रक्कम आली ०.०. दुसऱ्या प्रकारात शून्याऐवजी नलपॉइंटर एक्सेप्शन येतं, म्हणजे रिकाम्या (नल) जागेला काम सांगितल्याची एरर. तिसऱ्या प्रकारात तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, फक्त रक्कम चुकीची असते. तिन्हींचं मूळ एकाच जागी आहे. एका नावाची दोन व्हेरिएबल आहेत आणि तुम्हाला हवं ते सोडून दुसरंच वापरलं जातंय. कुठलं नाव कोडच्या कुठल्या भागात चालतं, त्यालाच स्कोप म्हणतात.

कोल्हापुरात प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की दर बॅचला दोन-तीन गट तरी ‘दूध संस्था व्यवस्थापन’ घेऊन येतातच. साहजिक आहे. करवीर घ्या, कागल घ्या, राधानगरी घ्या, पोरांच्या गोठ्यात म्हैस असते, नाहीतर शेजाऱ्याच्या तरी असते, आणि सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या स्लिपा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या असतात. त्यामुळे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दहा दिवसांचं बिल हे काही शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती जावापाशी. ‘सर, कोड बरोबर हाय, पण बिलच येईना झालंय,’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

खालच्या कोडबद्दल एवढंच सांगतो : वाचायला सोपं जावं म्हणून कीवर्ड आणि अंकही देवनागरीत लिहिले आहेत. फाईलमध्ये ते नेहमीसारखे इंग्रजीतच टाइप करायचे. व्हेरिएबलची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवता येतात, जावाला आणि पायथन ३ ला ती चालतात. फाईल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केलेली हवी. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १८ पासून कंपायलर यूटीएफ-८ धरूनच चालतो. त्याआधीचा जेडीके विंडोजवर असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग सांगावं लागतं. तरी सबमिशनला नावं इंग्रजीतच ठेवा. परीक्षकाच्या मशीनवर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली, तर मूळ विषय बाजूला राहतो आणि तोंडी परीक्षा त्यावरच संपते.

रक्कम ०.० येते

```
क्लास दूधनोंद {
    डबल लिटर;
    डबल दर;

    दूधनोंद(डबल लिटर, डबल दर) {
        लिटर = लिटर;
        दर = दर;
    }

    डबल रक्कम() {
        रिटर्न लिटर * दर;
    }
}
```

मेनमध्ये न्यू दूधनोंद(४.५, ५२) केलं आणि रक्कम() छापली. साडेचार लिटरला ५२ रुपयांनी २३४.० यायला हवेत, येतात ०.०. (खऱ्या बिलात पैशांसाठी डबल वापरू नका, बिगडेसिमल वापरा. इथं मुद्दा वेगळा आहे म्हणून डबल.)

कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या, क्लासच्याच नावाच्या भागाच्या) आत ‘दर’ नावाची दोन व्हेरिएबल आहेत. एक ऑब्जेक्टचं फील्ड. ऑब्जेक्ट असेपर्यंत ते असतं. दुसरं पॅरामीटर. कन्स्ट्रक्टर संपला की ते गेलं. नुसतं नाव दिसलं की जावा ते आतून बाहेर शोधत जातं. आधी त्या ब्लॉकमधली लोकल आणि मेथडचे पॅरामीटर, मग क्लासची फील्ड, त्यात वरच्या क्लासकडून आलेलीही धरून, मग क्लास दुसऱ्या क्लासच्या पोटात असेल तर बाहेरच्या क्लासची. पहिलं सापडलं की शोध थांबतो. तालमीत ‘ए भावा’ म्हणून हाक मारली की सगळ्यात जवळ उभा असलेला वळतो, पलीकडच्याला हाक पोचलेली असली तरी तो जागचा हलत नाही; तसं.

म्हणजे ‘दर = दर’ या ओळीत उजवीकडचा दर पॅरामीटर आहे आणि डावीकडचाही पॅरामीटरच आहे. ५२ उचलले आणि जिथून उचलले तिथंच ठेवले. फील्डला कुणी हातच लावला नाही. न्यू करताना जावा प्रत्येक फील्डमध्ये ठरलेली किंमत भरून ठेवतं : आकड्यांना शून्य, बूलियनला फॉल्स, ऑब्जेक्टच्या जागी नल. ते शून्य तसंच राहिलं. कंपायलर गप्प बसला, कारण पॅरामीटरला किंमत देणं कायदेशीर आहे आणि ती त्याचीच असली तरी त्याला त्यात वावगं काही दिसत नाही.

रक्कम() मध्ये मात्र पॅरामीटर नाहीत. तिथं दर म्हणजे फील्डच. त्यामुळे ती मेथड दहादा वाचली तरी तिच्यात दोष सापडत नाही, आणि पोरं नेमकी तिथंच बसून राहतात, कारण शून्य तिथून बाहेर पडताना दिसतं. कोणी गुणाकार उलटा करून बघतं, कोणी कंस घालून बघतं. शून्य येतंय ते गुणाकारात नाही, त्याच्या आधी.

दुरुस्ती दोन शब्दांची :

```
धिस.लिटर = लिटर;
धिस.दर = दर;
```

‘धिस.’ लावलं की शोध लोकल आणि पॅरामीटर ओलांडून थेट ऑब्जेक्टच्या फील्डपाशी जातो. एक बारकावा बघा. दोनपैकी एकाच ओळीत धिस राहिलं असेल तरीही गुणाकार शून्यच येतो. म्हणून रक्कम छापून अंदाज बांधू नका. कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या ओळीत धिस.लिटर आणि धिस.दर वेगवेगळे छापा. कुठलं भरलं आणि कुठलं नाही, लगेच समोर येतं.

‘मग पॅरामीटरचं नावच वेगळं ठेवू, न१, न२’ असं बरेच जण म्हणतात. त्यानं चालतं, पण मला ते पसंत नाही. मेथड वापरणाऱ्याला आयडीईमध्ये (एक्लिप्ससारख्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पॅरामीटरचं नाव दिसतं, आणि तिथं ‘दर’ असण्यातच शहाणपण आहे. न२ वरून कोणाला काय कळणार? आयडीई स्वतः कन्स्ट्रक्टर तयार करून देते तेव्हाही ती धिसच वापरते. सवय तीच लावा.

जास्त कामाची सवय म्हणजे फील्डला फायनल लावणं. ज्या नोंदीचे लिटर आणि दर एकदा लिहिल्यावर बदलायचे नाहीत, त्या फील्डच्या आधी फायनल लिहा. मग ‘दर = दर’ लिहिल्यावर प्रोग्राम चालतच नाही. फील्डला किंमत मिळालेली नसू शकते, अशी एरर कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या महिरपी कंसाकडे बोट दाखवत येते. सेटरमध्ये (फील्डची किंमत बदलणाऱ्या मेथडमध्ये) हे जमत नाही, कारण तिथं फील्ड बदलायचंच असतं. तिथं पॅरामीटरला फायनल लावा; मग ‘दर = दर’ वर कंपायलर म्हणतो की फायनल पॅरामीटरला किंमत देता येणार नाही. जावा १६ किंवा पुढचं असेल आणि क्लासमध्ये नुसता डेटा असेल, तर रेकॉर्ड वापरा. त्यात फील्ड भरायच्या ओळी आपण लिहितच नाही, म्हणजे घोळ घालायला जागाच उरत नाही.

नलपॉइंटर : एरर घालवताना राहून गेलेला एक शब्द

```
क्लास नोंदणीफॉर्म {
    कनेक्शन कॉन;

    व्हॉइड जोडणी() {
        ट्राय {
            कनेक्शन कॉन = ड्रायव्हरमॅनेजर.गेटकनेक्शन(पत्ता);
        } कॅच (एसक्यूएलएक्सेप्शन ई) {
            ई.प्रिंटस्टॅकट्रेस();
        }
    }

    व्हॉइड साठव() {
        // इथे कॉन नल
        कॉन.प्रिपेअरस्टेटमेंट(क्वेरी);
    }
}
```

हा कोड एका बैठकीत असा लिहिला जात नाही. आधी कॉन फक्त ट्रायच्या आत असतो. मग साठव() लिहिताना कंपायलर म्हणतो, हे नाव सापडत नाही. बरोबरच आहे, ट्रायच्या कंसाबाहेर ते नाव शिल्लकच नसतं. मग वर क्लासमध्ये ‘कनेक्शन कॉन;’ अशी ओळ घातली जाते आणि एरर जाते. पण ट्रायमधल्या ओळीच्या सुरुवातीचा ‘कनेक्शन’ हा शब्द तसाच राहतो. ओळीच्या सुरुवातीला टाइप (व्हेरिएबलचा प्रकार) आला की ते नवं लोकल व्हेरिएबल झालं. डेटाबेसशी जोडणी खरोखर होते, ती लोकल कॉनमध्ये पडते, कंस संपला की लोकल जातं. फील्ड नलचं नलच, आणि उघडलेली जोडणी बंद करायलाही कोणाच्या हाताशी राहत नाही.

दुरुस्ती म्हणजे आतल्या ओळीतला टाइप खोडायचा : ‘कॉन = ड्रायव्हरमॅनेजर...’ एवढंच ठेवायचं. स्विंगच्या (जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या) फॉर्ममध्ये टेक्स्टफील्ड आणि बटणांचं हुबेहूब हेच होतं. फॉर्म पडद्यावर दिसतो, त्यात टाइपही करता येतं, आणि सेव्ह दाबलं की नलपॉइंटर. दिसतं ते लोकल, विचारलं जातं ते फील्ड.

एक्सेप्शनचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. जावा १४ मध्ये नलपॉइंटरचे सविस्तर मेसेज आले आणि १५ पासून ते आपोआप सुरू असतात. त्यात नेमकं काय नल होतं ते लिहिलेलं असतं. तिथं ‘धिस.कॉन’ असं दिसलं तर फील्ड रिकामं आहे, म्हणजे ते भरणारी ओळ भलतंच काही भरतेय. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून जावा ८ असेल तर हा मेसेज मिळणार नाही. ओळीचा नंबर तेवढा मिळेल.

संशय आला की नाव मोडून बघा

कुठलंही टूल नसताना, नुसत्या नोटपॅडवरही चालणारी एक युक्ती आहे, आणि माझ्या मते डीबगरआधी तीच करावी. फील्ड जिथं डिक्लेअर केलंय ती एकच ओळ बदला. ‘डबल दर;’ चं ‘डबल दरतपास;’ करा. बाकी काहीही बदलू नका. आयडीईचं रिनेम वापरू नका, ते सगळीकडे बदलून मोकळं होईल. हातानं बदला आणि कंपाइल करा.

आता जिथं जिथं खरोखर ते फील्ड वापरलं जात होतं, तिथं तिथं ‘नाव सापडत नाही’ अशी एरर येईल. या एरर आपल्याला हव्याच आहेत. बघायचं ते उलटं. जिथं एरर यायला हवी होती आणि आली नाही, ती ओळ तुमचं फील्ड वापरतच नव्हती. वरच्या पहिल्या उदाहरणात रक्कम() मध्ये एरर येते, कन्स्ट्रक्टरमध्ये येत नाही. दुसऱ्यात साठव() मध्ये येते, ट्रायमध्ये येत नाही. गुन्हेगार सापडला. नाव पूर्ववत करा आणि तेवढीच ओळ दुरुस्त करा.

रंगही मदत करतात. एक्लिप्समध्ये मूळ रंगसंगतीत फील्ड निळी आणि लोकल तपकिरी दिसतात. इंटेलिजेमध्ये फील्ड जांभळी. ‘दर = दर’ ची दोन्ही बाजू एकाच रंगात दिसली की थांबा. प्रोजेक्टरवर मात्र हे रंग सगळे सारखेच दिसतात, तेव्हा वर्गात शिकवताना यावर भिस्त नको.

स्लिपवर दर ५२, लिटर ४.५, रक्कम १५३

हा तिसरा प्रकार. वरचे दोन प्रकार चव्हाट्यावर येतात. शून्य बघून कोणीही ओरडतो, नलपॉइंटरनं तर प्रोग्रामच कोसळतो. हा प्रकार प्रात्यक्षिकात पास होतो आणि गुणही मिळवतो.

दूध संस्थेच्या प्रोजेक्टमध्ये गाय आणि म्हैस हे दोन प्रकार येतातच. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीचा ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला, आणि पुढे फॅट-एसएनएफप्रमाणे दर वर-खाली होतो. म्हणून वारसा (इनहेरिटन्स) दाखवायला हे उदाहरण फार सोयीचं. खालचे दर उदाहरणापुरते आहेत.

```
क्लास दूध {
    डबल दर = ३४;

    डबल रक्कम(डबल लिटर) {
        रिटर्न लिटर * दर;
    }
}

क्लास म्हैसदूध एक्स्टेंड्स दूध {
    डबल दर = ५२;
}
```

लिहिणाऱ्याच्या मनात असतं की म्हैसदूध मध्ये दर ‘बदलला’. बदललेला नसतो. म्हैसदूध च्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये आता दर नावाची दोन फील्ड आहेत. दूध कडून आलेलं, त्यात ३४. आणि स्वतःचं, त्यात ५२. रक्कम() ही मेथड दूध मध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे तिच्यातला दर हा दूध चा दर, हे कंपाइल होतानाच ठरून गेलं. ऑब्जेक्ट कुठलाही असो, ती ३४ नंच गुणणार.

स्लिप छापणारा कोड बघा. ‘म्हैसदूध म = न्यू म्हैसदूध();’ करून म.दर छापला तर ५२ येतात. म.रक्कम(४.५) छापली तर १५३.० येतात. दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक. परीक्षक दराकडे बघतो, ५२ दिसतात, पुढं जातो. गाईची नोंद तपासली तर ती बरोबरच येते, कारण गाईचा दर वरच्याच क्लासमध्ये आहे. पण दूध घालणारी बाई तशी पुढं जाणार नाही. साडेचार लिटरला ५२ नं किती होतात हे तिला तोंडपाठ असतं. रोज दोन वेळचं साडेचार-साडेचार लिटर धरलं तर दहा दिवसांत ९० लिटर होतात. ४६८० च्या जागी ३०६० लागले, म्हणजे एका बिलात १६२० रुपये गेले. शून्याचं बिल आलं असतं तर पहिल्याच दिवशी दुरुस्त झालं असतं.

आणखी एक चकवा आहे. तोच ऑब्जेक्ट ‘दूध द = न्यू म्हैसदूध();’ असा धरला तर द.दर ३४ छापतो. ऑब्जेक्ट तोच, फील्डचं नाव तेच, आकडा वेगळा. मेथडच्या बाबतीत जावा चालू असताना खरा ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा आहे ते बघतं. फील्डच्या बाबतीत व्हेरिएबल कुठल्या टाइपचं डिक्लेअर केलंय तेवढंच बघतं. मेथड ओव्हरराइड होतात (खालच्या क्लासमधली मेथड वरचीची जागा घेते), फील्ड होत नाहीत. जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये याला शॅडोइंग न म्हणता हायडिंग म्हणतात. तोंडी परीक्षेत विचारलं तर दोन्ही वेगळे सांगा : पॅरामीटर किंवा लोकलनं फील्ड झाकलं तर शॅडोइंग, खालच्या क्लासच्या फील्डनं वरच्याचं झाकलं तर हायडिंग.

‘सर, आम्ही प्रायव्हेट केलंय की,’ हे पुढचं उत्तर. प्रायव्हेट केल्यानं हे टळत नाही, उलट बऱ्याचदा इथंच त्याचा जन्म होतो. दूध मधला दर प्रायव्हेट असतो, म्हैसदूध मध्ये ‘दर = ५२’ लिहिलं की कंपायलर म्हणतो, दर प्रायव्हेट आहे, हात लावता येणार नाही. मग एरर घालवायला म्हैसदूध मध्येच ‘डबल दर’ डिक्लेअर केलं जातं. एरर गेली. आता दोन दर आहेत, आणि रक्कम() जुन्यावरच चालली आहे. वरच्या कनेक्शनच्या उदाहरणाचाच हा भाऊ.

दुरुस्ती करताना खालच्या क्लासमधलं डिक्लेअरेशन काढून टाका आणि किंमत कन्स्ट्रक्टरमधून वर पाठवा :

```
क्लास दूध {
    प्रायव्हेट फायनल डबल दर;

    दूध(डबल दर) {
        धिस.दर = दर;
    }

    डबल रक्कम(डबल लिटर) {
        रिटर्न लिटर * दर;
    }
}

क्लास म्हैसदूध एक्स्टेंड्स दूध {
    म्हैसदूध() {
        सुपर(५२);
    }
}
```

आता दर एकच आहे. स्लिपवर छापण्यासाठी दूध मध्ये गेटर (फील्डची किंमत परत देणारी मेथड) लिहा. दर जर फॅट-एसएनएफवरून काढायचा असेल आणि गाय-म्हशीचा हिशोबच वेगळा असेल, तर फील्डऐवजी मेथड करा. दूध मध्ये दरकाढ() आणि म्हैसदूध मध्ये ती ओव्हरराइड. रक्कम() मध्ये दरकाढ() बोलावली की प्रत्येक ऑब्जेक्ट आपापला हिशोब करतो. माझ्या मते प्रोजेक्टला हीच मांडणी बरी. दर बदलला की तक्ता एका जागी बदलायचा, नव्या प्रकारच्या दुधाला नवा क्लास.

‘नाव मोडून बघा’ ही युक्ती इथंही चालते. दूध मधल्या फील्डचं नाव बदला. म्हैसदूध मध्ये ‘दर’ लिहिलेला असूनही एकही एरर आली नाही, तर तो दर म्हणजे वेगळंच फील्ड आहे.

सी शार्पमध्ये असं केलं की कंपायलर इशारा देतो की तुम्ही वरचा मेंबर झाकताय. जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, काही बोलत नाही. एक्लिप्स बोलू शकतं, पण ते सेटिंग मुळात बंद असतं. प्रेफरन्सेसमध्ये जावा, त्यात कंपायलर, त्यात एरर्स अँड वॉर्निंग्ज उघडा, आणि नेम शॅडोइंगच्या गटात फील्ड आणि लोकल दोन्हींसमोर इग्नोर असेल तिथं वॉर्निंग करा. कन्स्ट्रक्टर आणि सेटरचे पॅरामीटरही धरा, अशी एक टिकमार्क तिथं असते. ती रिकामीच ठेवा. नाहीतर धिस वापरून नीट लिहिलेल्या प्रत्येक सेटरवर पिवळं चिन्ह येईल आणि आठवडाभरात तुम्ही सगळेच इशारे बघायचं सोडून द्याल.

सी प्लस प्लस आणि पायथनवाल्यांसाठी

सी प्लस प्लसमध्ये कन्स्ट्रक्टरचा घोळ तोच, पण शून्य मिळेल याची खात्री नाही. साध्या आकड्यांच्या फील्डला तिथं आपोआप किंमत मिळेलच असं नसतं, त्यामुळे कधी शून्य तर कधी भलताच आकडा. ‘धिस’ नंतर टिंब नको, बाण हवा. इनिशियलायझर यादीत ‘दर(दर)’ लिहिलं तर मात्र बरोबर चालतं : कंसाबाहेरचं नाव फील्डचं, कंसातलं पॅरामीटरचं. आणि जावा जे करू देत नाही ते सी प्लस प्लस करू देतं. लूपच्या आत पुन्हा ‘डबल एकूण = ०;’ लिहिता येतं, आणि लूप संपल्यावर बाहेरचं एकूण शून्यच राहतं. जावा तिथं सरळ एरर देतं की हे नाव या मेथडमध्ये आधीच आहे. जीसीसी या कंपायलरमध्ये डब्ल्यू-शॅडो हा इशाऱ्याचा पर्याय मुद्दाम द्या. डब्ल्यू-ऑलमध्ये तो येत नाही, नाव ‘ऑल’ असलं तरी.

पायथनमध्ये सेल्फ (तिथलं धिस) विसरलात तर बहुतेक वेळा ॲट्रिब्यूट एरर येते आणि प्रकरण मिटतं. मिटत नाही ते असं :

```
क्लास दूधनोंद:
    दर = ३४

    डेफ __इनिट__(सेल्फ, लिटर, दर):
        सेल्फ.लिटर = लिटर
        दर = दर

    डेफ रक्कम(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.लिटर * सेल्फ.दर
```

ऑब्जेक्टवर दर सापडला नाही की पायथन क्लासवर बघतं, तिथं ३४ बसलेले आहेत. एरर नाही, म्हशीच्या दुधाला गाईचा दर. म्हणून ‘सुरुवातीची किंमत’ म्हणून क्लासच्या अंगावर व्हेरिएबल लिहून ठेवायची जावातली सवय पायथनमध्ये आणू नका. त्याहून वाईट म्हणजे क्लासच्या अंगावर ‘नोंदी = []’ लिहिणं. मग सेल्फ.नोंदी.अपेंड(...) केलं की सगळ्या उत्पादकांच्या नोंदी एकाच यादीत जातात, आणि प्रत्येकाला अख्ख्या गावाचं बिल मिळतं. गंमत म्हणजे तिथंच ‘एकूण = ०’ लिहून सेल्फ.एकूण += रक्कम केलं तर ते बरोबर चालतं, कारण += नं ऑब्जेक्टवर नवीन ॲट्रिब्यूट तयार होतं; अपेंडनं जुनीच यादी वाढते. दोन्ही __इनिट__ मध्ये सेल्फवर ठेवा, वाद मिटला.

वारशातला दोन फील्डचा प्रकार पायथनमध्ये सहसा होत नाही, ऑब्जेक्टवर एका नावाची एकच जागा असते. पण नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की पायथन त्याला क्लासचं नाव जोडतं, आणि दूध चा __दर आणि म्हैसदूध चा __दर ही पुन्हा दोन वेगळी खाती होतात. गरज नसेल तर एका अंडरस्कोरवर भागवा.

धिस लावलंय, नावं नीट आहेत, तरी शून्य

मग हे बघा. पॅरामीटरच्या नावात टायपिंगची चूक असेल, म्हणजे कंसात ‘डबल दार’ आणि आत ‘धिस.दर = दर’, तर उजवीकडचा दर आता फील्डच आहे; फील्ड स्वतःलाच दिलं गेलं. आयडीईमध्ये न वापरलेला पॅरामीटर फिका दिसतो किंवा त्यावर इशारा येतो, तो बघा.

कन्स्ट्रक्टरच्या आधी व्हॉइड लिहिलं गेलं असेल तर तो कन्स्ट्रक्टर उरत नाही, क्लासच्या नावाची साधी मेथड होते. न्यू दूधनोंद(४.५, ५२) वर एरर येते, आणि ती घालवायला कोणी कंस रिकामे केले की शून्य हजर.

वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड झालेली मेथड बोलावली असेल तर क्रम बघा. वरचा कन्स्ट्रक्टर आधी पूर्ण होतो, खालच्या क्लासच्या फील्डच्या ‘= ०’ वगैरे ओळी त्यानंतर चालतात. मेथडनं भरलेले ५२ त्या पुसून टाकतात. तिथली ‘= ०’ काढून चालेल, पण कन्स्ट्रक्टरमधून अशी मेथड न बोलावणं जास्त बरं.

आणि फॅटच्या फरकाचा हिशोब पूर्णांकात केला असेल तर नावांशी त्याचा काही संबंध नाही. जावात ३ / १० म्हणजे ०, त्याला पुढे कितीनंही गुणा. १० च्या जागी १०.० लिहा.